माझ्यावर विश्वास ठेवू नका

बँकेतून निवृत्त झालेल्या माणसापुढे दोनच वाटा असतात. सोसायटीचा खजिनदार व्हायचे, नाहीतर व्याख्याने द्यायची. खजिनदाराला शिव्या तोंडावर बसतात, वक्त्याला घरी गेल्यावर. म्हणून मी दुसरी वाट धरली. विषय ठरलेला : ‘सायबर फसवणूक आणि ज्येष्ठ नागरिक’. ज्येष्ठ नागरिक संघांत या विषयाला बरी मागणी आहे. मधुमेह आणि मृत्युपत्र झाले की माझाच नंबर लागतो.

पण या विषयात एक मुळातलाच पेच आहे. अनोळखी माणूस गोड बोलायला लागला की सावध व्हा, हे मी तासभर सांगतो. आणि सांगणारा मी श्रोत्यांच्या दृष्टीने अनोळखी आणि गोडबोल्याच असतो. एका सभेत पहिल्या रांगेतल्या आजोबांनी हे बरोबर हेरले. म्हणाले, “साहेब, मग तुमच्यावर तरी विश्वास का ठेवायचा?” सभागृह हसले. मीही हसलो, कारण उत्तर सुचत नव्हते.

वक्त्यावर लोकांचा विश्वास बसवण्याचे काम आपल्याकडे परंपरेने परिचय करून देणाऱ्याकडे असते. ‘आजच्या वक्त्यांचा परिचय करून देण्याची गरजच नाही,’ असे म्हणत तो खिशातून चार घड्यांचा कागद काढतो. मग माझे जन्मगाव, माझ्या बदल्या आणि कधीकाळी शाखेच्या स्नेहसंमेलनात केलेली नाट्यछटा हे सगळे लोकांना सहन करावे लागते. एका उत्साही कार्यवाहांनी तर कळस केला. “सायबर फसवणुकीचा यांना प्रदीर्घ अनुभव आहे,” असे म्हणून त्यांनी माइक माझ्या हाती दिला. पुढचा तासभर दोन-तीन आज्या पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या.

या परिचयावर फार भिस्त ठेवू नये, असे अ‍ॅरिस्टॉटलने तेवीसशे वर्षांपूर्वीच म्हणून ठेवले आहे. वक्त्याविषयीचा विश्वास त्याच्या बोलण्यातून निर्माण व्हावा, त्याच्या आधीच्या लौकिकातून नव्हे, असे त्याचे मत. हा विश्वास बसायला त्याच्या हिशेबाने तीन गोष्टी लागतात : शहाणपण, सचोटी आणि श्रोत्यांविषयी आपुलकी. मी स्वतःला ही फूटपट्टी लावून पाहिली. शहाणपण दाखवायला मी पडद्यावर तक्ते लावले, तर मागच्या रांगेतून “दिवे घालवले का?” अशी चौकशी आली आणि पाठोपाठ घोरणे ऐकू आले. सचोटीचे म्हणाल, तर समोरची मंडळी आयुष्यभर आमच्या काउंटरवरची ‘जेवणाची सुट्टी’ ही पाटी वाचत आलेली. राहिली आपुलकी. ती मी भाषण वेळेत संपवून दाखवतो, आणि टाळ्या सर्वांत जास्त तेव्हाच पडतात.

मला खरी असूया वाटते ती ठकांची. त्यांनी अ‍ॅरिस्टॉटलचे नावही ऐकलेले नसते, पण प्रात्यक्षिकात ते पैकीच्या पैकी गुण घेतात. व्हिडिओ कॉल येतो. पलीकडे गणवेश, मागे भिंतीवर पोलिसांचे चिन्ह : झाला अधिकार सिद्ध. मग तुमचा आधार क्रमांक धडाधड वाचून दाखवतात : झाला पुरावा. मग ‘तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले आहेत, तुम्हाला डिजिटल अरेस्ट केली आहे, घरात कोणाला सांगू नका’ : झाली भीती. परिचय नाही, प्रास्ताविक नाही, शाल-श्रीफळ नाही, तरी श्रोता जागचा हलत नाही! वास्तविक डिजिटल अरेस्ट नावाचा प्रकार आपल्या कायद्यात कुठेच नाही. हे मी सांगतो तेव्हा लोक मोबाइलमध्ये नातवाचे फोटो पाहत असतात. अर्थात माझी काय कथा? फोन लावला की अमिताभ बच्चन स्वतः सायबर चोरांपासून सावध करायचे, तेव्हा ‘हे कधी संपतंय आणि फोन कधी लागतोय’ म्हणून लोक त्यांच्यावरही वैतागत होते.

मग एका सभेत माझे भाषण अर्ध्यावर असताना एक काकू उभ्या राहिल्या. निवृत्त मुख्याध्यापिका. म्हणाल्या, “मी सांगू का? माझे गेलेत.” सभागृहात टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. “आयुष्यभर मी पोरांना बाकावर उभं केलं. त्या मेल्यानं मला तीन तास कॅमेऱ्यासमोर बसवून ठेवलं. पाणी प्यायला जाताना मी परवानगी मागत होते. ‘सर’ म्हणत होते हो त्याला!” लोक आधी हसले, मग एकदम गप्प झाले. काकूंनी सांगितले, “1930 हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर लिहून घ्या. मी दोन दिवस लाजेनं कोणाला बोलले नाही, तेवढ्यात पैसे पार झाले.” घोरणाऱ्या गृहस्थांनीसुद्धा पेन मागितले. हाच नंबर मी पडद्यावर लाल अक्षरांत चांगला मोठा दाखवला होता. माझ्या साऱ्या बढत्यांपेक्षा काकूंच्या एका नुकसानीचे वजन जास्त भरले.

त्या दिवशी मला गाडगेबाबा आठवले. ते गावात आले की आधी खराटा घेऊन गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनाला उभे राहायचे. स्वच्छतेवर बोलायला त्यांना कोणा कार्यवाहाचा कागद लागत नसे. परिचय दिवसाउजेडी रस्त्यावर होऊन गेलेला असे. आणि कीर्तनातही ते उपदेशाचे डोस पाजत नसत. ते प्रश्न विचारायचे, लोक उत्तरे द्यायचे, आणि आपणच दिलेले उत्तर माणसाला सहसा खोटे ठरवता येत नाही.

खराटा चालवण्याएवढी माझी कंबर राहिलेली नाही, पण प्रश्न विचारण्याचे मी उचलले. हल्ली मी परिचयाचा कागद कार्यवाहांकडून आधीच काढून घेतो आणि सुरुवातीलाच विचारतो, “पोलीस फोनवर अटक करतात का?” सगळे ओरडतात, “नाही!” “बँक ओटीपी मागते का?” “नाही!” “मग इथे कोणाकोणाला असा फोन आलाय?” हळूहळू हात वर होतात. त्यातल्या एकाला मी माइक देतो आणि खाली बसतो. माझी सर्वांत परिणामकारक भाषणे ती, ज्यांत मी सर्वांत कमी बोललो.

तेव्हा वाचकहो, हे सगळे मी सांगतो म्हणून खरे मानू नका. उद्या आपल्या बँकेच्या शाखेत जाऊन विचारून घ्या. मात्र 1930 हा नंबर आजच फोनमध्ये साठवा, आणि तसा फोन आलाच तर तो ठेवून आधी घरच्यांना सांगा.