न निघालेल्या लेन्सची मागणी कशी करावी

बाजारात असलेली लेन्स मागायला पैसे लागतात. बाजारात नसलेली लेन्स फुकट मागता येते. छायाचित्रणाच्या छंदातला सर्वांना परवडणारा हा एवढाच प्रकार, म्हणून तो नीट शिकून घेतलेला बरा. कॅमेरा घेतल्यावर सुरुवातीला माणूस फोटो काढतो. पुढे पुढे कंपनीने काय काढावं ते सांगू लागतो. या दुसऱ्या अवस्थेत पोचलेल्यांसाठी आणि पोचू पाहणाऱ्यांसाठी या सूचना आहेत.

पहिलं पथ्य असं की लेन्स कशासाठी हवी, हे कोणाला सांगायचं नाही. ‘कार्यालयात उजेड कमी असतो हो’ असं तुम्ही म्हणालात, की समोरचा लगेच पन्नास एमएम एफ/१.८ सुचवणार. ती स्वस्त असते आणि बहुधा तुमच्याच कपाटात पडलेली असते. झालं, विषय संपला. मागणी कामाची नको, तत्त्वाची हवी. “एवढी मोठी कंपनी, आणि साधी चोवीस ते सहाशे एफ/२.८ काढता येत नाही यांना?” असा सूर लावावा.

आता या चोवीस-ते-सहाशेबद्दल. मागणी करणाऱ्याने कॅल्क्युलेटरला हात लावू नये, कारण इथलं गणित दुर्दैवाने फार सोपं आहे. फोकल लेंग्थला एफच्या आकड्याने भागलं की प्रकाश आत यायला किती रुंद वाट लागते ते कळतं. ६०० भागिले २.८ म्हणजे २१४ मिलिमीटर. समोरची काच निदान तेवढी हवीच. यात घासाघीस चालत नाही आणि ओळखही चालत नाही. गंमत म्हणजे नेमका हाच २१४चा आकडा ज्या लेन्सला लागतो, ती कॅननने १९९३ मध्ये खरोखर काढली होती: १२०० एमएम एफ/५.६. भागाकार करून पाहा. (नको म्हटलं होतं, पण एकदा करा.) वजन साडेसोळा किलो. आतल्या भिंगांसाठी फ्लोराइटचे मोठाले स्फटिक कृत्रिम रीतीने वाढवावे लागत आणि स्फटिकाला कोणी घाई करू शकत नाही. त्यामुळे ऑर्डर दिली की गिऱ्हाइकाने वाट बघत बसायचं. एवढं करून ती झूम नव्हतीच.

झूमचं धाडस केलं सिग्माने. २००८ मध्ये त्यांनी २००-५०० एफ/२.८ आणली. रंग हिरवा, वजन १५.७ किलो, आणि झूम-फोकस फिरवायला लेन्सच्या पोटातच बॅटरी. म्हणजे कंपन्या ऐकत नाहीत असं नाही. कधी कधी ऐकतात आणि मग पंचाईत होते. म्हणून मागणीत ‘वजन अर्धा किलोच्या आत असावं’ ही ओळ न चुकता घालावी. ती असली की लेन्स निघण्याचा धोका राहत नाही आणि मागणी वर्षानुवर्षं ताजी राहते. तरीही कोणी सिग्माचं उदाहरण तोंडावर फेकलंच, तर शांतपणे म्हणावं, “हो, पण ती दोनशेपासून सुरू होते.”

ज्यांना झूम कमीपणाची वाटते त्यांनी उजेड मागावा. एफ/१.४ आता कोणीही मागतं, आपण एफ/०.९पासून बोलायला सुरुवात करावी. इथे इतिहासाचा दाखला हाताशी असलेला बरा. झाइसने साठच्या दशकात नासासाठी ५० एमएम एफ/०.७ अशा मोजक्या लेन्स बनवल्या. त्यांतल्या तीन स्टॅन्ली कुब्रिकने मिळवल्या आणि १९७५च्या ‘बॅरी लिंडन’मध्ये मेणबत्त्यांच्या उजेडात अख्खे प्रसंग चित्रित केले. दाखला इथेच थांबवावा. लेन्सचं मागचं भिंग फिल्मच्या इतकं जवळ यायचं की त्यासाठी कॅमेराच तासून घ्यावा लागला, आणि फोकस सुटू नये म्हणून नटांना जागचं हलायची फारशी मुभा नव्हती, हे सांगत बसू नये. आपल्याकडे हळदीला नवरी हलते, करवल्या हलतात आणि मधूनच एखादी आत्या कॅमेऱ्यासमोरून ताट घेऊन जाते.

८५ एमएम एफ/१.२ने एक मीटरवरून चेहरा टिपला, तर पुढे-मागे मिळून सेंटिमीटरभर जागा स्पष्ट येते. पापणी लखलखीत, नाकाचा शेंडा धुक्यात. मागणी करणाऱ्यांत याला बहार म्हणतात. अंतरपाट सरतो, अक्षता उडतात, छायाचित्रकार प्लास्टिकच्या खुर्चीवर चढून श्वास रोखतो आणि एका अक्षतेवर अचूक फोकस बसतो. महिन्याभराने नवरीची आई अल्बम उघडते. पार्श्वभूमीतले दिवे कसे गोल आलेत, हे ती बघत नाही. ती बोट फिरवत मोजते. “सगळे मामा आलेत ना? आणि धाकट्या काकू अशा पुसट का?” यावर उत्तर तयार ठेवावं: कंपनीने अजून योग्य लेन्स काढलेली नाही.

निकॉनने २०१९ मध्ये ५८ एमएम एफ/०.९५ नॉक्ट काढली. दोन किलो, आणि फोकस हाताने. दोन्ही गोष्टींबद्दल रीतसर नाराजी नोंदवून झालेली आहे, नवोदितांनी पुन्हा नोंदवायला हरकत नाही.

पेटंटविषयी थोडक्यात. जपानी कंपन्यांचे पेटंटचे अर्ज प्रसिद्ध होत असतात. त्यांत भिंगांच्या आडव्या छेदाची आकृती आणि आकड्यांचे लांबच लांब तक्ते असतात. ते समजण्याची गरज नाही. आकृती दिसली की ‘येतेय’ म्हणून सगळ्यांना कळवावं. कंपनी कितीतरी रचना नोंदवते आणि त्यांतल्या थोड्याच बनवते. बाकीच्या दुसऱ्याने बनवू नयेत म्हणूनही नोंदवलेल्या असतात. पण असल्या शंका काढणाऱ्याला मंडळात कोणी चहाला बोलावत नाही.

खरी कसोटी लागते ती मागितलेली लेन्स निघाल्यावर. अशा वेळी नवशिका गांगरतो आणि ती विकत घेऊन मोकळा होतो. अनुभवी माणूस काय करतो ते ७०-२००च्या चरित्रावरून शिकावं. कॅननच्या जुन्या ईएफ माउंटची ७०-२०० एफ/२.८ लांबीने १९९ मिलिमीटर. झूम आतल्या आत व्हायचं, बाहेर काही सरकायचं नाही. तक्रार: बॅगेत उभी राहत नाही, मान मोडते. कंपनीने ऐकलं. २०१९ मध्ये नव्या आरएफ माउंटची आली ती १४६ मिलिमीटरची, वजनालाही चांगली चारशे ग्रॅमने हलकी. त्यासाठी झूम करताना नळी बाहेर येऊ लागली. तक्रार: नळी बाहेर येते, धूळ खाते, वर एक्स्टेंडरही बसत नाही.

धुळीच्या तक्रारीची मात्र मी टिंगल करणार नाही. बाहेर येणारी कोणतीही झूम सोमवतीला जेजुरीला नेऊन पाहा. पायऱ्यांवर भंडाऱ्याचे लोट उठलेले असतात; तुम्ही नळी बाहेर काढता आणि लेन्स भात्यासारखी हवा आत ओढते, हळदीसकट. लेन्स वरून पुसली की स्वच्छ दिसते. पुढे कधीतरी बोरा बाजारातल्या एखाद्या कारागिराच्या टेबलावर ती उघडते. तो बारीक स्क्रू ओळीने मांडतो, नळीचा जोड सुटा करतो, आणि आतल्या काळ्या मखमली पट्टीच्या कडेने पिवळी रेघ निघते. तो मान वर न करता विचारतो, “जेजुरी का?” या लोकांना लेन्सवरून गाव ओळखता येतं.

तर कंपनीने पुन्हा ऐकलं. २०२४ मध्ये त्याच ७०-२००चा नवा अवतार आला. झूम आतल्या आत, एक्स्टेंडरही बसतो. लांबी? १९९ मिलिमीटर. एका मिलिमीटरचाही फरक नाही. आता तक्रार काय करायची हे सांगायला नको. जुनी तक्रार जपून ठेवली असेल तर तीच पुन्हा वापरता येते. ३५ एमएमचंही असंच. आरएफ माउंट आला २०१८ मध्ये, आणि त्यावर ३५ एमएम एफ/१.४ मिळायला २०२४ उजाडलं. सहा वर्षं ज्यांनी तिचा धोशा लावला होता, त्यांनी ती येताच एका सुरात विचारलं, “एफ/१.२ का नाही?” याला म्हणतात तयारी.

एक मागणी मात्र कोणी करताना दिसत नाही, आणि माझ्या मते रास्त अशी तेवढीच आहे: फंगस न धरणारी लेन्स. कोकणात पावसाळा काढलेल्या लेन्सवर कोळिष्टकासारखी जाळी धरते. लोक बुटांच्या खोक्यांतल्या सिलिका जेलच्या पुड्या जमवतात, नाहीतर लाकडी कपाटात पिवळा बल्ब पेटता ठेवतात. जपानातही दमट पावसाळा असतो आणि तिथेही लेन्स ठेवायची कोरडी कपाटं विकली जातात, म्हणजे कंपनीला हे दुखणं घरचंच आहे. पण ‘बुरशी येत नाही’ हे गळ्यात अडकवून मिरवता येत नाही. सोडून द्या.

शेवटी जागेविषयी. मागणी घरी बसून करता येते, पण तिला रंग चढतो तो फोटो काढण्याच्या ठिकाणीच. त्यातही उत्तम भिगवण. हिवाळ्यातली सकाळ, उजनीचं उथळ पाणी, समोर फ्लेमिंगोंचा थवा चोची बुडवून चरतोय, नावेत चौघे जण आणि चौघांकडे चार कंपन्यांचे कॅमेरे. नाववाला इंजिन बंद करून बांबू हातात घेतो आणि हळूच म्हणतो, “साहेब, दोन मिनिटं बोलू नका. ते चरत चरत आपल्याकडंच येतील.” त्याचं ऐकू नये. ऐकलं तर पक्षी खरंच जवळ येतात, असलेल्याच लेन्समध्ये मावतात आणि मागणीचा पायाच ढासळतो. नेमक्या त्या दोन मिनिटांत आठशे एमएम एफ/४ हातात धरण्याजोगी का निघत नाही, हा विषय काढावा. चौघांनाही मत असतं आणि चौघांचाही आवाज चांगला असतो. थवा उठतो, पंखांची लाल-काळी पट्टी उलगडत पलीकडच्या काठाला जाऊन बसतो. आता तिकडे बोट दाखवून “आठशे असती तर!” असं म्हणावं. हे म्हणताना कॅमेरा बंद असला तरी चालतो.