दोघी जावा

मामांच्या ट्रकमधला पहिला टेप जेमतेम एक ओळ गायला. दुसऱ्या ओळीच्या जागी धूर आला. टेप होता मोटारीतला, 12 व्होल्टचा. ट्रकची वीज 24 व्होल्टची. दूधभातावर वाढलेल्या पोराला कोल्हापुरी तांबड्या रश्शाच्या पंगतीला बसवावं, तसं झालं. मामा मात्र बराच वेळ त्या धुराकडे बघत राहिले, गाणं अजून त्यातच कुठेतरी असेल अशा आशेनं.

डिझेलच्या थोराड गाड्यांचा स्वभावच तसा. पेट्रोलला एक ठिणगी पुरते. डिझेल मात्र दाबून दाबून तापलेल्या हवेतच पेटतं. पहाटे असलं गारठलेलं इंजिन फिरवायचं म्हणजे सेल्फला मोठा जोर लागतो. व्होल्ट दुप्पट केले, की तेवढ्याच जोराला करंट निम्मा पुरतो आणि तारा फार जाड लागत नाहीत. म्हणून 12-12 च्या दोन बॅटऱ्या एकीचा हात दुसरीच्या हातात देऊन बसवलेल्या असतात. एकीचं दुसरं टोक चासीला, म्हणजे जमिनीला. दुसरीचं वर, गाडीच्या सगळ्या कारभाराला. यावर कुणीतरी मामांना सोपी युक्ती सांगितली : दोघींच्या मधून एक तार काढायची आणि जमिनीकडच्या बॅटरीतून 12 व्होल्ट घ्यायचे. नवा टेप गाऊ लागला. सुट्टीत मी कराडहून मामांबरोबर गुळाच्या ढेपांवर निघायचो, तेव्हा खंबाटकीच्या चढावर इंजिन दमायचं, पण गाणं दमायचं नाही. अंधारात टेपचा हिरवा दिवा देव्हाऱ्यातल्या निरांजनासारखा दिसे.

पुढे एका थंडीत सेल्फ नुसता कण्हू लागला. मेस्त्रींनी झाकणं उघडली. एक बॅटरी मलूल पडलेली, तर दुसरीतलं पाणी उकळून उकळून तळाला गेलेलं. मेस्त्री हात पुसत म्हणाले, "मालक, ह्या दोघी जावा हाईत. सेल्फ मारायला दोघी उठत्यात, पण गाण्याला तुम्ही रोज एकीलाच उठवता. आल्टरनेटर मात्र दोघींना एकाच मापानं वाढतो. राबणारीचं पोट भरत न्हाई आणि बसणारीला अजीर्ण हुतं."

मामा एरवी वाद घालत; त्या दिवशी गप्प झाले. आमच्या वाड्यातही मोठ्या कामाला, लग्नाला किंवा मळणीला, दोघी मामी एकदम उभ्या राहत. पण येताजाता चहा, पाणी, आलेल्यागेलेल्याचं ताट, हरवलेला चष्मा यांसाठी हाक एकाच नावानं जाई. धाकटी मामी चुलीजवळ, म्हणजे हाताशी, म्हणून तिलाच. त्यात कुणाचा दुष्टावा नव्हता. मधली तार अशीच निघते, सोयीसोयीनं.

त्या रात्री मामा दहाला घरी आले आणि हाक न मारता स्वतःच माठाकडे गेले. तांब्या निसटला, निम्मं पाणी सदऱ्यावर. आवाजानं दोघी मामी एकदम धावत आल्या. थोरलीनं कपाळाला हात लावून ताप पाहिला आणि धाकटीनं न विचारताच चहाचं आधण ठेवलं. सुधारणेचा पहिला दिवस असा सगळ्यांना त्रास देऊन संपला. तरी पुढे मामांचं पाणी मामाच घेत. सांडणंही हळूहळू कमी झालं.

ट्रकला नंतर कन्व्हर्टर बसला. तो 24 व्होल्ट दोघींकडून सारखे घेतो आणि 12 करून टेपला देतो. रेडिओ लावला, की त्याची बारीक गुणगुण मागून ऐकू येई. आम्ही तक्रार केली, तर मामा म्हणत, "असू दे. दोघी मिळून गातायत."

तुमच्याही गाडीत दोन बॅटऱ्या असतील, तर मधून तार काढू नका. कन्व्हर्टर लावा, बॅटरीजवळ फ्यूज घाला. आणि घरी पोचल्यावर पाणी आपल्या हातानं घ्या.