नॉर्वेहून रोह्याला

ऑस्लो

ती. बाबा व ती. सौ. आई यांस,
सा. न. वि. वि.

आम्ही सगळे खुशाल. सुट्टीत गाडी काढून पश्चिम नॉर्वे हिंडून आलो. गाडी सूनबाईने चालवली, मी नकाशा सांभाळला आणि मागे बसून तुमच्या नातीने ‘अजून किती?’चा जप केला.

बाबा, बोर्गुंडचं चर्च तुमच्या वाटणीचंही बघून घेतलं. सुमारे ११८० सालचं, अख्खं लाकडी! छपराच्या खालच्या टोकांना क्रूस, वरच्यांना ड्रॅगनची तोंडं. नवा देव आला म्हणून जुन्याला दुखवायचं नाही, हे इथेही होतंच म्हणायचं. पण खरी करामत खाली आहे. त्याआधीच्या चर्चांचे खांब जमिनीत पुरलेले असत, ते कुजले. इथे दगडी जोत्यावर आडव्या तुळया आणि त्यांवर खांब. ओटीवरच्या खांबाचा तळखडा तुम्ही येईल त्या पाहुण्याला दाखवता ना, तीच युक्ती. वर पाइनचं डांबर फासतात, ते पुन्हा पुन्हा. भिंतींवर तेव्हाच्या लोकांनी रुनी लिपीत खरडून ठेवलंय आणि आपण ते तिकीट काढून बघायचं. अवचितगडावर नावं कोरणाऱ्यांच्या कानावर हे घालू नका.

पुढे लेर्डालचा बोगदा. लांबी साडेचोवीस किलोमीटर, २००० साली खुला झाला, टोल नाही. चालकाला पेंग येऊ नये म्हणून आत तीन ठिकाणी गुहा कोरून निळे दिवे लावलेत. पेण ते वडखळ अशी सोय नसूनही कुणाला पेंग आल्याचं ऐकिवात नाही. ते काम आपले खड्डे फुकटात करतात.

मुक्काम सोग्नेफ्योर्डच्या काठी होता. समुद्र डोंगरांतून २०५ किलोमीटर आत आलाय. जून महिना, रात्री साडेदहालाही लख्ख उजेड. आई, दिवेलागणीला शुभंकरोति हा तुझा नियम. नातीचं म्हणणं, दिवेलागण झालीच नाही, म्हणजे शुभंकरोति नाही आणि झोपही नाही! वकील होणार ही.

रस्त्याकडेला एका टेबलावर स्ट्रॉबेरीच्या डब्या मांडलेल्या, विकणारं कुणीच नाही. डबी उचला, पैसे पेटीत टाका. मी चारी बाजूंना बघत पैसे टाकले, तर सूनबाई म्हणते, “अहो, पैसे देताय ना? मग चोरासारखं काय बघताय?”

इथलं तपकिरी चीज दुधाची निवळी आटवून करतात, चवीला गोड. पोळीला लावून खाल्लं, बरं लागलं. पण जेवताना पापड नाही म्हणजे फारच सुनं वाटतं.

म्हणून एक विनंती, गणपतीच्या निमित्ताने. पेणच्या मावशीला सांगून शाडूची वीतभर गणेशमूर्ती ठरवून ठेवा, माझा मित्र तिकडून येताना आणेल. सोबत पोह्याचे पापड द्या, जितके मावतील तितके. तूप मात्र नको. युरोपबाहेरचं दूधदुभतं इथे आणू देत नाहीत.

कळावे,
तुमचा मुलगा