असू दे, लागेल

सकाळी आई रांगोळी काढायला अंगणात गेली आणि तिथूनच ओरडली, "अरे, हा हिरवा रंग कोणी सांडला?"

रंग नव्हता. गाडीखाली पोपटी थारोळं साचलं होतं आणि वरून त्यात थेंब थेंब भर पडत होती. कूलंट!

आधी त्यावर माती टाकून ते सगळं उचललं. कूलंटमधलं ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि त्यानं मांजरा-कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. आमच्या पायरीवर वस्तीला असलेल्या दोन मांजरी कुंपणावर बसून मोठ्या आशेनं बघत होत्या.

एव्हाना शेजारचे काका आलेच. एसटीच्या वर्कशॉपमध्ये उभी हयात काढल्यामुळे आजारी गाडीचा वास त्यांना भिंतीपलीकडून येतो. "रेडिएटरमध्ये दोन चमचे हळद टाक. घाटात ट्रकवाले दुसरं काय करतात?"

आईला हे फारच पटलं. जखम म्हटली की हळद. प्रश्न एवढाच, की स्वयंपाकाची चालेल की आंबेहळद काढावी लागेल? शिवाय घरातली हळद सांगलीची, २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालेली. ती गाडीला पाजायची म्हणजे मलाच जरा जड गेलं.

हळदीत तथ्य आहे, नाही असं नाही. तिचे कण पाण्याबरोबर फिरत फिरत बारीक भोकात जाऊन बसतात आणि गळती थांबते. पण भोक कुठलं आणि रेडिएटरची नळी कुठली, हे त्या बिचाऱ्यांना कसं कळावं? नळ्याही चोंदतात. आणि आमची जखम रेडिएटरला नव्हतीच. वरच्या होस पाइपला, क्लिपच्या चार बोटं मागे, नखाएवढी चीर गेली होती.

माझ्या टेबलाचा सगळ्यात खालचा खण घरात 'भंगार' या नावानं ओळखला जातो. तुटक्या चष्म्याची काडी, कुठल्या कुलपाच्या ते कुणालाच न आठवणाऱ्या किल्ल्या, सुतळीची गुंडाळी आणि मुलाच्या पहिल्या सायकलची ट्यूब. ती टाकायला काढली तेव्हा मी "असू दे, लागेल" म्हटलं होतं. मुलगा आता बंगळुरूला नोकरी करतो. दर दिवाळीला ती ट्यूब दोन बोटांत धरून बायको विचारते, "अहो, अजून लागली नाही का?"

लागली!

इंजिन पुरतं गार होईपर्यंत थांबलो. रेडिएटर म्हणजे कुकरच. झाकण दाब धरून ठेवतं म्हणून आतलं पाणी शंभर अंशांच्या वर गेलं तरी उकळत नाही. तापलेलं असताना ते झाकण उघडलं, तर उकळतं पाणी थेट तोंडावर. कुकर निदान शिट्टी तरी देतो. पाइप कोरडा पुसला, ट्यूबची दोन बोटं रुंद पट्टी कापली आणि ताणून ताणून, आधीच्या वेढ्याच्या निम्म्यावर पुढचा वेढा, असं गुंडाळत गेलो. दोन्ही टोकांना तार पिळली. आई वाकून बघत म्हणाली, "फेटा बरा बांधलास हो."

पाणी भरलं. काकांनी झाकण पहिल्याच खाचेवर ठेवायला लावलं, म्हणजे दाब धरणार नाही आणि चिरेवर जोर येणार नाही. वर फर्मान सोडलं, "गॅरेजपर्यंत हीटर चालू ठेव. इंजिनाची उष्णता तेवढीच आत ओढली जाईल." ऐन मे महिन्यात, चारही काचा खाली करून, हीटरची गरम झुळूक अंगावर घेत आम्ही उभयता चार किलोमीटर गेलो. सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्यानं माझ्या घामाकडे पाहून विचारलं, "एसी बिघडला का, साहेब?" बायकोनं तोंड फिरवून घेतलं.

गॅरेजमधल्या पोरानं बॉनेट उघडलं. "कोणी बांधलंय हे?"

"मी."

"भारी बांधलंय."

मी बायकोकडे पाहिलं. ती टायरकडे बघत होती.

वीस मिनिटांत नवा पाइप बसला. पोरानं माझी पट्टी सोडवली, फडक्यानं पुसली, नीट गुंडाळली आणि आपल्या खणात टाकली. "राहू दे," तो म्हणाला, "लागेल."

परत मागायची फार इच्छा होती. पण बायको शेजारीच उभी होती.