ग्रॅमशेठ

डोंगरात जाणाऱ्यांच्या प्रत्येक टोळक्यात एक गाणारा असतो, एक वाट चुकवणारा असतो आणि एक ग्रॅमशेठ असतो. पहिले दोघे कुठेही सापडतात. ग्रॅमशेठ मात्र कळव्यात जास्त पिकतो, आणि त्याला कारण लोकल. पूर्वी फास्ट गाड्या कळव्याला टाळून पारसिकच्या बोगद्यातून निघून जायच्या. 2022 साली ठाणे-दिवा नवे मार्ग सुरू झाले, तेव्हापासून त्या कळवेकरांच्या डोळ्यांदेखत जातात, पण बहुतेक थांबत नाहीत. उरली स्लो, आणि ती दिव्यालाच गच्च झालेली. अशा डब्यात पाठीवर सॅक घेऊन शिरायचं, तर सॅकमधल्या प्रत्येक वस्तूला ‘तू कशाला आलीस?’ या प्रश्नाचं उत्तर देता आलं पाहिजे. आठवडाभर ही उलटतपासणी चालवणारा माणूस शनिवारी हरिश्चंद्रगडाला निघाला, तरी ती थांबवत नाही.

आमचा ग्रॅमशेठ चाळिशीच्या उंबरठ्यावरचा. नोकरी खरेदी खात्यात, त्यामुळे तीन कोटेशनं आल्याशिवाय पाणीपुरीही खात नाही. टूथब्रशचा दांडा अर्धा कापलेला, टॉवेलाच्या जागी रुमाल, नकाशाचे पांढरे काठ कातरलेले. सॅकचं वजन विचारलं की तो ‘बेस वेट’ सांगतो. त्यात पाणी, इंधन आणि अन्न धरायचं नसतं, कारण ते वाटेत संपतं. हा नियम जगभरच्या हलक्या ट्रेकरांचा आहे, त्याच्या पदरचा नाही. म्हणून आईने दिलेला बेसनलाडवांचा डबा घेऊन दीड किलो जास्त चढवतानाही त्याचा हिशेब ग्रॅमनेही बिघडत नाही.

पण त्याची खरी तपश्चर्या एकाच गोष्टीसाठी चालू आहे: मल्टीटूल. चार माणसं उघड्यावर रात्र काढायला निघाली, तर जवळ कोणतं हत्यार असावं? उमेदवार ठरलेले आहेत. व्हिक्टोरिनॉक्सचा क्लासिक: बोटाएवढा, सुमारे 21 ग्रॅम. त्यात छोटं पातं, कात्री, कानस आणि काटा काढायला चिमटा. लेदरमनचा स्क्वर्ट: 56 ग्रॅम, इवलीशी पक्कड. स्केलेटूल: 142 ग्रॅम, पक्कड दमदार, पण कात्रीच नाही. वेव्ह प्लस: 241 ग्रॅम आणि अठरा अवजारं, पैकी चौदांचं गडावर काय करायचं हे अजून कोणाला उमगलेलं नाही.

‘‘कात्री हवीच,’’ ग्रॅमशेठ सुरू होतो. ‘‘पायाला फोड आला की टेप कापायला सुरी चालत नाही, कडा उसवतात.’’

‘‘मग क्लासिक घे.’’

‘‘आणि तापलेलं पातेलं कशाने उचलू?’’

‘‘वहिनींकडून सांडशी आण.’’

‘‘तिला सुरी नसते!’’

हा संवाद कळव्याहून कल्याणपर्यंत पुरतो. कल्याणहून माळशेजकडे जाणारी एसटी पकडली की लेदरमनचं चरित्र सुरू होतं. टिम लेदरमन नावाचा अमेरिकन 1975 साली बायकोबरोबर जुन्या फियाटमधून युरोप फिरायला निघाला. गाडी कुरकुरायची, स्वस्त हॉटेलांतले नळ गळायचे आणि खिशात फक्त एक स्काउटचा चाकू. या चाकूला पक्कड असती तर, असं त्याच्या मनात आलं. परत जाऊन त्याने वर्षानुवर्षं खटपट केली आणि 1983 साली पहिलं टूल बाजारात आणलं. हे सांगताना ग्रॅमशेठच्या आवाजात भक्तीपेक्षा हेवा जास्त असतो. काय नशीब एकेकाचं! गाडी बिघडलेली मिळाली, नळ गळका मिळाला.

ग्रॅमशेठचं दुःख हेच आहे. सगळी तयारी आहे, पण बिघाड होत नाही. स्टोव्ह पेटतो, तंबूचे खांब सरळ उभे राहतात, पायथ्याच्या खिरेश्वरला जेवण तर ताटात वाढून मिळतं. घरचा नळ गळतो, पण तो बिघाड शेठ मोजत नाही. ‘‘अहो, एवढी हत्यारं आहेत, तर तेवढं बघा ना,’’ असं वहिनी म्हणाल्या, की तो शांतपणे समजावतो, ‘‘नटाला पक्कड लावली की त्याचे कोपरे झिजतात. तिथे पानाच हवा.’’ शास्त्र अचूक असतं. नळ गळत राहतो आणि शेवटी प्लंबर येतो.

गडावर एकदा त्याने गावातल्या मामांच्या कमरेचा कोयता मागून घेतला आणि खिशातल्या वजनकाट्याला टांगला. काट्याने आकडा दाखवायला नकार दिला. ‘‘मामा, हा फार जड आहे हो.’’

‘‘जड हाय म्हणून तर तुटतंय,’’ मामा म्हणाले आणि एका घावात कारवीची वाळकी काठी उडवून चालू लागले.

आम्हाला वाटलं, आता शेठ पाघळणार. खिंड उतरून झाल्यावर तो म्हणाला, ‘‘पण त्याला चिमटा नाही.’’

अशा माणसाची टिंगल करणं सोपं आहे आणि आम्ही ती सढळ हाताने करतो. मात्र कोकणकड्यावर वारा सुटलेला असताना तंबूची चेन दात सोडून नुसतीच सरकू लागली, तेव्हा कोणीच गाणं म्हटलं नाही. ग्रॅमशेठने डोक्याला टॉर्च बांधला, पक्कड काढली आणि चेनच्या सरकत्या तुकड्याच्या दोन्ही बाजू हलक्या हाताने दाबल्या. सैल झालेला तुकडा आवळला, दात पुन्हा जुळले. सगळं मिनिटभरात. तो आनंद बायकोला पहिल्यांदा पाहतानाही त्याच्या चेहऱ्यावर आला नसेल.

त्या दिवसापासून एक गोष्ट मला स्वच्छ दिसू लागली. कोणाच्या बुटाचा तळवा सुटला, कोणाला काटा रुतला, मॅगीचं पाकीट फाटेना, तर सगळे एकाच माणसाकडे हात पसरतात. आमच्यापैकी एकाच्याही सॅकमध्ये साधी सुरी नसते, कारण शेठ आहे. जगातले सगळ्यात हलके ट्रेकर आम्हीच, आणि आमचा सगळा हलकेपणा त्याच्या पाठीवर आहे. हा हिशेब त्याच्या काट्यावर कधीच उमटत नाही, आणि त्याला तो दाखवण्याइतके आम्ही मूर्ख नाही.

त्याने अखेर निर्णय घेतल्याचं कळतं: क्लासिकही घ्यायचा आणि स्केलेटूलही, म्हणजे एकूण 163 ग्रॅम. भरपाई म्हणून टूथब्रशचा उरलेला दांडाही जाणार आहे. येत्या शनिवारी गोरखगड. कोणी काय आणायचं याची यादी ग्रुपवर आली आहे. एकाकडे कांदे, एकाकडे तांदूळ, माझ्याकडे मीठ. ग्रॅमशेठच्या नावापुढे लिहिलंय: ‘बाकी सगळं’. त्यावर पहिला अंगठा त्याचाच आहे.