मोटारवाल्यांनो, संघटित व्हा!

मोटारीचं वेड असलेल्या माणसाची एक कायमची तक्रार असते: समाज आपल्याला नीट ओळखत नाही. समाजाचं म्हणणं असं, की चांगलं ओळखतो; रात्री साडेबाराला सोसायटीखालून सगळ्यांना उठवत जातो, तो हाच. अशा पेचात जाणती मंडळी एकच सल्ला देतात. संघटना काढा! अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि छापील लेटरहेड. सल्ला हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तो शंभरहून अधिक वर्षं लागू पडत आलेला आहे.

१९०५ साली लंडनच्या ट्रोकॅडेरो रेस्टॉरंटात काही मोटारशौकीन जमले आणि ऑटोमोबाइल असोसिएशन जन्माला आली. तेव्हा ब्रिटनमध्ये ताशी वीस मैलांची मर्यादा होती आणि ती मोडणाऱ्यांना पकडायला पोलीस रस्त्याकडेला घड्याळ घेऊन दबा धरून बसत. वेग थोडा कमी करावा, असं शौकिनांना अर्थातच सुचलं नाही. त्यांनी सायकलवर माणसं नेमली. पुढे पोलीस आहेत, हे त्यांनी येणाऱ्या मोटारवाल्यांना खुणेनं कळवायचं.

१९१० मध्ये न्यायालयानं बजावलं, की भरधाव गाडीवाल्याला असं सावध करणं म्हणजे पोलिसांच्या कामात अडथळा. त्यावर संघटनेनं जी पळवाट काढली, तिला तोड नाही. गाडीवर संघटनेचा बिल्ला दिसला की सायकलवाल्यानं सलाम ठोकायचा. पुढे सापळा असेल, तर ठोकायचा नाही. सलाम मिळाला नाही, तर सभासदानं गाडी थांबवून कारण विचारायचं. आता सलाम न करणाऱ्यावर खटला भरायचा तरी कोणत्या कलमाखाली? ही सलामी पुढे कित्येक दशकं चालली आणि तिच्याकडे ब्रिटिश अदबीचा नमुना म्हणून पाहिलं गेलं.

याच संघटनेनं १९०९ मध्ये सभासदांच्या गाड्यांतून गार्ड्सची एक अख्खी पलटण लंडनहून समुद्रकाठच्या हेस्टिंग्जला नेऊन दाखवली. धूळ उडवत कोंबड्या चिरडणारे श्रीमंत एका दिवसात देशरक्षक झाले. आपल्याकडच्या मंडळांचं रक्तदान शिबिर यापुढे फिकंच.

अमेरिकेत काम जास्त अवघड होतं, कारण तिथे प्रश्न कोंबड्यांचा नव्हता. रस्त्यावर मुलं मरत होती. १९२३ मध्ये सिनसिनाटी शहरात ४२,००० लोकांनी सह्या करून मागणी केली, की प्रत्येक मोटारीला असं यंत्र बसवा, की ती ताशी पंचवीस मैलांवर जाणारच नाही. मोटारविक्रेते आणि मोटार क्लब खडबडून जागे झाले. जोरदार प्रचार झाला आणि प्रस्ताव मतदानात आपटला. यातून उद्योगाला एक साक्षात्कार घडला: चालकाला सुधारण्यापेक्षा पादचाऱ्याला दोषी ठरवणं स्वस्त पडतं. मोटार उद्योगाच्या संघटनेनं वर्तमानपत्रांसाठी फुकट सेवा सुरू केली. वार्ताहरानं अपघाताचा तपशील धाडायचा, बातमी आयती लिहून परत यायची. तिच्यात चूक बहुधा पायी चालणाऱ्याची निघे. १९२५ मध्ये लॉस एंजेलिसनं रस्ता कुठून ओलांडायचा याचे नियम केले. इतर शहरांनी ते उचलले. तोवर मोटार माणसांच्या रस्त्यात येत होती. आता माणसं मोटारीच्या रस्त्यात येऊ लागली.

आपल्याकडेही संघटितपणाचं फळ मिळतं. विंटेज मोटारींचे क्लब आहेत, त्यांच्या रॅली निघतात, पाहायला सहकुटुंब गर्दी होते आणि जुन्या गाडीच्या धुराला कोणी नाक मुरडत नाही. जुलै २०२१ मध्ये तर केंद्रानं पन्नास वर्षांपेक्षा जुन्या, मूळ रूपातल्या वाहनांसाठी स्वतंत्र नियमच केले. पाटीवर ‘व्हीए’ अक्षरं, नोंदणीचे वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं. गाडी रॅलीला, प्रदर्शनाला, पेट्रोल भरायला, दुरुस्तीला नेता येते. भाजी आणायला नाही. सर्वांत प्रतिष्ठित मोटार ती, जी सहसा रस्त्यावर येतच नाही, हे वाहतूक खात्यानं किती नेमकं हेरलंय!

राहता राहिली सायलेन्सर बदलून गल्ली दणाणून सोडणारी पोरं. पोलीस त्यांचे जप्त सायलेन्सर रस्त्यावर ओळीनं मांडतात, वर रोडरोलर फिरवतात आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. निषेधाचं पत्रक काढायचं, तर पोरांकडे लेटरहेड नाही. वर्गणी काढली तर ती नव्या सायलेन्सरला जाते.