दहा रुपयांची सायकल

परोपकाराची इच्छा मनुष्यमात्राच्या ठिकाणी उपजतच असते, असे नीतिशास्त्राचे जाणकार सांगतात आणि ते खोटे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. मात्र त्या इच्छेला रविवारी भल्या पहाटे अंथरुणातून उठवून, कृष्णेवरचा गार वारा अंगावर घेत आयर्विन पुलावरून सांगलवाडीपर्यंत पळवत न्यावयाचे आणि परत आणावयाचे असेल, तर तिला एक टी-शर्ट द्यावा लागतो, एवढी पुस्ती त्यांच्या सिद्धान्ताला जोडणे अवश्य आहे. केळे आणि पदक यांवाचून परोपकार एखादे वेळी निभावून नेता येतो, टी-शर्टावाचून नाही. 1960 साली रोमच्या ऑलिंपिकमध्ये इथिओपियाचा अबेबे बिकिला अनवाणी धावला आणि मॅरेथॉन जिंकला, त्यामुळे पायांत काही नसले तरी बेचाळीस किलोमीटर धावता येतात ही गोष्ट सिद्ध झाली. अंगात फुकटचा टी-शर्ट नसताना पाच किलोमीटर धावता येतात, ही गोष्ट मात्र आमच्या सांगलीत अद्याप सिद्ध व्हावयाची आहे.

आमच्या पेठेतील मंडळाने शर्यत योजिली ती वाड्यावस्त्यांवरून हायस्कुलात पायी येणाऱ्या मुलींना सायकली देण्यासाठी. पाचशे धावक, प्रत्येकी तीनशे रुपये प्रवेशशुल्क, म्हणजे जमा दीड लाख. एका सायकलीची किंमत पाच हजार. वस्त्रविभाग आमच्याकडे सोपविण्यात आला होता, आणि आम्ही आणलेले पहिले कोटेशन दर नगास दोनशे तीस रुपयांचे होते. सारी हयात सरकारी कोषागारात घालविलेल्या आमच्या खजिनदारांनी ते चष्मा कपाळावर चढवून वाचले आणि पाणी, केळी, छातीवरचे क्रमांक, रुग्णवाहिका व ध्वनिक्षेपक यांची पंचवीस हजारांची तरतूद वजा घालून शांतपणे खुलासा केला की, पाचशे माणसांनी मिळून अडीच हजार किलोमीटर धावायचे आणि त्यातून दोन मुलींची पायपीट वाचवायची, असा हा व्यवहार आहे. मग त्यांनी टिपणवहीच्या समासात एकच ओळ लिहिली: ‘टी-शर्टामागे दहा रुपये = एक सायकल.’ त्या क्षणापासून आमच्या समितीत रुपया हे नाणे चलनातून गेले आणि सर्व दरखास्तींचे मोल सायकलींत होऊ लागले.

पहिला बळी कॉलरचा पडला. कॉलरीचे वीस रुपये होते, आणि तिची कैफियत मांडावयास समितीतील निवृत्त मामलेदार उभे राहिले. ज्या मनुष्याच्या कॉलरीला उभ्या तालुक्यात कोणी हात घातला नाही, त्याने उतारवयात बिनकॉलरीच्या पोशाखात भर रस्त्याने पळत सुटावे आणि ते त्याच्या जुन्या पक्षकारांनी कट्ट्यावर बसून पाहावे, हे पदाच्या प्रतिष्ठेस शोभत नाही, असा त्यांच्या विवेचनाचा आशय होता. खजिनदारांनी ते संपूर्ण ऐकून घेतले आणि वर न पाहता म्हटले, “साहेब, आपल्या कॉलरीत दोन सायकली अडकल्या आहेत.” कॉलर बिनतक्रार नामंजूर झाली.

यानंतर आम्हांला छपाईची विद्या आत्मसात करणे भाग पडले. गणपती पेठेमागच्या एका बोळात आमचा छपाईवाला बसतो. लाकडी चौकटीवर बारीक जाळीचे कापड ताणून बसविलेले. चित्राचा भाग तेवढा उघडा, बाकी सर्व जागा बुजविलेली. फळीवर टी-शर्ट पालथा घालायचा, चौकट त्याच्यावर टेकायची, जाळीवर शाईचा गोळा टाकायचा आणि रबरी पट्टीने तो एका दमात स्वतःकडे ओढायचा, की चौकट उचलताच कापडावर अक्षरे ओली चकाकत उभी राहतात. ही क्रिया पाहताना मनुष्य देहभान विसरतो. परंतु छपाईवाला विसरत नाही, कारण प्रत्येक रंगाला स्क्रीन वेगळी, ओढ वेगळी आणि मजुरी वेगळी. स्क्रीन करण्याचा खर्च पन्नास नगांना जितका तितकाच पाचशेंना, म्हणून तो पाचशेंत विरून जातो. पण दर ओढीची मजुरी काही विरत नाही. ती आमच्याकडे रंगामागे पाच रुपये, म्हणजे अर्धी सायकल पडत होती. शिवाय आम्ही पसंत केलेला टी-शर्ट गडद निळा होता, आणि गडद कापडावर कोणताही फिका रंग उठून दिसावा तर त्याच्याखाली आधी पांढऱ्याचा अस्तर-हात द्यावा लागतो, म्हणजे जो रंग कोणास दिसणार नाही त्याचीही मजुरी मोजावी लागते, हे ज्ञान आम्हांस तेथेच प्राप्त झाले.

आता आमच्या बोधचिन्हात उगवता लाल सूर्य, खाली निळी कृष्णा, तिच्या काठी हिरवी झाडी आणि मधोमध केशरी ओढणी उडवीत सायकलवरून जाणारी मुलगी होती. ते काढणारे चित्रकला-शिक्षक प्रत्येक रंगाचे तात्त्विक समर्थन करीत. खजिनदारांनी त्यांना अर्धी सायकल कोणत्याही मुलीला देता येत नसल्यामुळे रंग नेहमी जोडीनेच कमी करावे लागतील एवढेच सांगितले, आणि होता होता अस्तर वाचविण्यासाठी टी-शर्ट पांढरा झाला, सूर्य निळा झाला, झाडी निळी झाली, ओढणीही निळी झाली. कृष्णा आधीपासूनच निळी होती. तेवढाच काय तो सत्याचा अंश शिल्लक राहिला.

पाठीवर अकरा शुभेच्छुकांची नावे यावयाची होती. त्यांपैकी अस्थिरोगतज्ज्ञांचा आग्रह होता की आपले नाव कमरेच्या वर, मोठ्या अक्षरांत असावे, म्हणजे मागून धापा टाकत येणाऱ्यास ते योग्य वेळी वाचता येईल. एका शिकवणी-वर्गाच्या चालकांना आपल्या यशस्वी विद्यार्थ्यांचे गुणही पाठीवर यावयास हवे होते. हे सर्व गृहस्थ शुभेच्छांव्यतिरिक्त काही देत नाहीत, ही गोष्ट खजिनदारांनी जमाखर्चावरून निदर्शनास आणली आणि जो रोख देईल तोच पाठीवर बसेल, असा ठराव मंजूर करून घेतला. अकरांपैकी दहा शुभेच्छुक तत्काळ पाठीवरून उतरले.

कापडाचा प्रश्न याहून नाजूक. इचलकरंजी एवढी हाकेच्या अंतरावर असता तिरुपूरचा माल का मागवावा, असा स्वदेशाभिमानी प्रश्न एका सभासदांनी विचारला; त्यांना, मागावर आडव्या-उभ्या धाग्यांनी विणलेल्या कापडाचा सदरा होतो, टी-शर्टाला लागते ते फासांनी गुंफलेले, ताणले जाणारे होजिअरीचे कापड, हे समजावून सांगण्यात बराच वेळ गेला. कापूस घाम पितो आणि जड होतो, पॉलिस्टर तो पीत नाही व लवकर वाळते, म्हणून पॉलिस्टर ठरले. मग वजन. चौरस मीटरला एकशे ऐंशी ग्रॅमचे कापड भरदार, पण महाग. त्याहून हलके तितके स्वस्त. खजिनदार एकशेवीसपर्यंत उतरले असते. परंतु नमुन्याचा टी-शर्ट पाण्यात बुडवून मामलेदारांच्या अंगावर चढविण्यात आला तेव्हा सभ्यतेची मर्यादा एकशे चाळीस ग्रॅमवर येऊन थांबते, याविषयी समितीत मतभेद उरला नाही. खजिनदारांनी तरीही शेवटचा यत्न म्हणून टी-शर्टाऐवजी इचलकरंजीचा पंचाच द्यावा अशी सूचना मांडली: पंचा सर्वांच्या मापाचा असतो, घाम पुसतो, उन्हात डोक्याला बांधता येतो आणि पुढे वर्षभर घरात उपयोगी पडतो. एकही मुद्दा खोडून काढता न आल्यामुळे सूचना बहुमताने फेटाळण्यात आली, कारण पंचा खांद्यावर टाकून काढलेले छायाचित्र कोणी मोबाइलवर लावीत नाही.

मापांच्या बाबतीत मनुष्य स्वतःविषयी किती उदार मत बाळगतो, याचा प्रत्यय नोंदणी-अर्ज वाचताना आला. पुरुषमंडळी आपल्या लग्नातल्या छातीचे माप लिहितात. म्हणून अर्जावरील ‘लहान, मध्यम, मोठा’ ही विशेषणे काढून टाकून तेथे इंचांतला घेर मागविला, फीत लावल्यावाचून अर्ज दाखल करून घ्यायचा नाही असा दंडक घातला, आणि मापांची यादी महिनाभर आधी छपाईवाल्याच्या हाती दिली. कारण दोन दिवसांत पाचशे नग मागणाऱ्या ‘पी हळद आणि हो गोरी’ वृत्तीच्या गिऱ्हाइकाकडून तो घाईचा वेगळा दर वसूल करतो. अर्जात ‘टी-शर्ट नको’ असाही एक चौकोन होता. त्यात खूण करणाऱ्या त्यागी सज्जनांपैकी बहुतेक सर्व जण शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी “नकोच म्हटलं होतं, पण एखादा उरला असेल तर...” असे म्हणत वाटपाच्या टेबलाशी रुजू झाले.

उरणारच होते, म्हणून टी-शर्टावर साल छापू नये, असा खजिनदारांचा हुकूम झाला. साल छापलेला शिल्लक माल दुसऱ्या दिवशी फरशी पुसण्याच्या लायकीचा होतो. बिनसालाचा पुढील वर्षी स्वयंसेवकांच्या अंगावर जातो. चिटणीसांना इतिहासाची चाड असल्यामुळे त्यांनी हरकत घेतली. तेव्हा साल छातीवरच्या कागदी क्रमांकावर छापून इतिहासाचीही सोय पाहण्यात आली.

अकरावे शुभेच्छुक हे हळदीचे अडते. हरिपुरातल्या पेवांत हळद साठविण्याचा त्यांच्या घरचा पिढीजात शिरस्ता होता, तेव्हा आपले नाव पिवळ्या शाईत असावे, ही त्यांची मागणी होती. पांढऱ्यावर पिवळे दिसत नाही आणि गडद निळ्याला अस्तर लागते, हे ऐकून त्यांनी क्षणभर विचार केला व म्हणाले, “मग टी-शर्टच पिवळा करा की हो.” पिवळ्यावर निळी शाई अस्तरावाचून उठते. नगामागे पन्नास रुपये त्यांनी रोख मोजले. आमचा दर तोवर एकशेतीसवर उतरलाच होता. शर्यतीच्या दिवशी सांगलीचे पाचशे नागरिक नखशिखान्त हळद लागल्यासारखे पुलावरून धावले, त्यांत मामलेदार सर्वांत पुढे होते, आणि दोनाच्या सतरा सायकली झाल्या.

सायकली वाटण्यापूर्वीच्या सभेत चिटणीसांनी अशी दरखास्त आणली की, समारंभात त्या सतरा मुलींच्या अंगावरही मंडळाच्या नावाचा टी-शर्ट असावा. खजिनदारांनी हिशेब मांडून दाखविला की, सतरा नगांसाठी नवी स्क्रीन केली तर तिचा सगळा खर्च सतरांतच वाटला जाऊन दर नग भलताच महाग पडतो. यावर मामलेदारांनी, ज्यांना आता छपाईचे अर्थशास्त्र पुरते अवगत झाले आहे, असा तोडगा सुचविला की किफायत साधावयाची असेल, तर सतरा न छापता पाचशेच छापावेत, आणि दर नग एवढा खाली आल्यावर त्यांना कॉलर लावावयास हरकत नसावी. दरखास्त पुढील सभेपर्यंत तहकूब आहे.